पाचव्या युनिटचा पाहुणचार

वासुदेव मुळमुळे यांच्या आयुष्यात तोवर चारच युनिटं होती, आणि ती त्यांना झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. पहिल्यात संगणकाचा इतिहास, दुसऱ्यात शून्य आणि एक, तिसऱ्यात फ्लोचार्ट आणि चौथ्यात सी भाषा, तीही जेमतेम फॉर लूपपर्यंत. रायपूरच्या शंकर नगरातल्या नवप्रभात महाविद्यालयात बीसीएच्या पहिल्या वर्षाला ते आठ वर्षं हेच शिकवत होते. नोकरी हंगामी. ती दर जुलैत जन्माला यायची आणि दर एप्रिलमध्ये वारायची. मधल्या काळात मुळमुळे सर जावयासारखे रुबाबात वावरायचे आणि मे-जूनमध्ये प्राचार्यांना रस्त्यात गाठून विनाकारण नमस्कार करायचे.

रायपूरकडचं वेगळं राज्य होऊन पाचेक वर्षं झाली होती. राजधानी नवी, कार्यालयं नवी, रस्त्यांमधले दुभाजकसुद्धा नवे. मग अभ्यासक्रमानेच जुनं राहून कुणाचं काय घोडं मारलं होतं? त्या जुलैत विद्यापीठाचं पाकीट आलं आणि त्यात पाचवं युनिट निघालं: ‘वेब सर्विसेस आणि सेवाभिमुख रचना. परिचय. तासिका बारा.’

प्राचार्य चारुदत्त मिश्रा यांनी तो कागद दोन बोटांत धरून पुढे केला. “मुलमुले जी, ये जरा आप देख लीजिए.”

प्राचार्यांना ‘ळ’ म्हणता येत नसे. त्याचं सरांना फार दुःख होतं. मुळमुळे या नावात मुळात फारसा दरारा नाही. त्यातले दोन्ही ‘ळ’ काढून घेतले, तर उरतं काय?

सरांनी कागद पाहिला. मग नागपूरहून सहाशे पानांचं इंग्रजी पुस्तक मागवलं. ते दोनदा चाळल्यावर त्यांना पक्कं कळलं, की या विषयाला दोन गोष्टी लागतात, वेब आणि सर्विस, आणि कॉलेजात दोन्ही नाहीत. प्रयोगशाळेत अठरा संगणक होते, त्यातले सात सुरू व्हायचे. इंटरनेट फक्त प्राचार्यांच्या केबिनमध्ये होतं, टेलिफोनच्या तारेवर. प्राचार्यांच्या सासुरवाडीचा फोन आला की ते तुटायचं, आणि सासुरवाडी बोलकी होती. अशा परिस्थितीत वेब सर्विस शिकवायची म्हणजे बूढ़ा तलावाकडे पाठ करून पोहायला शिकवायचं.

पहिल्या तासाला सरांनी व्याख्या लिहून दिली. साठ मुलांनी ती उतरवून घेतली. पहिल्या बाकावर राधिका साहू बसायची. धमतरीकडची पोरगी, दिसायला गरीब, पण प्रश्न विचारण्यात भयंकर.

“सर, ये होता क्या है?”

सरांनी व्याख्या पुन्हा वाचली.

“वो तो लिख लिया सर. होता क्या है?”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला पस्तीस मिनिटं होती. पस्तीस मिनिटं ही किती लांबलचक वस्तू आहे, हे त्या दिवशी त्यांना प्रथमच समजलं.

संध्याकाळी ते बूढ़ापाऱ्यातल्या आपल्या घराच्या पायरीवर बसले होते. शेजारचे श्यामराव ताबडतोब आले. श्यामराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटं बसून काढल्यामुळे त्यांचं पुष्कळ बोलायचं राहून गेलं होतं, आणि ते सगळं आता मुळमुळ्यांच्या पायरीवर उतरवून घेतलं जायचं.

“काहून तोंड पाडून बसले, वासुदेवराव?”

“नवीन विषय आला. सेवाभिमुख रचना.”

“सोप्पं आहे,” श्यामराव क्षणाचाही विचार न करता म्हणाले. “सेवा कराची अन् अभिमुख राह्याचं. आमच्या डिव्हिजनमधी एक साहेब होता...”

त्या साहेबाची गोष्ट पाऊण तास चालली. तिच्यात सेवा नव्हती, रचना नव्हती, एक म्हैस होती. म्हैस रुळावरून उठेपर्यंत सरांचं डोकं उठलं.

उजेड पडला तो भलतीकडेच. सरांच्या पत्नी कुमुदताई मंत्रालयात आवक-जावक विभागात होत्या. एकदा त्या चष्मा घरी विसरल्या म्हणून सर तो द्यायला गेले. आवकच्या खिडकीपुढे रांग होती. खिडकी हातभर रुंद. बाहेरचा माणूस कागद सरकवायचा, आतून एक हात यायचा, कागद आत जायचा. नमुना बरोबर असला तर शिक्का बसायचा, चुकला असला तर कागद परत. आत कोण बसलंय, पुरुष की बाई, रागीट की प्रेमळ, बाहेरच्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. चष्मा हातात धरून सर रांगेतच थबकले.

“कुमुद!” ते ओरडले. “हेच ते! वेब सर्विस!”

आतून चष्म्यासाठी हात आला. “अहो, हळू बोला. साहेब आहेत.”

घरी आल्यावर सरांनी ती पद्धत बारकाईने विचारून घेतली. कोणाकडून, कोणाला, काय पाहिजे. ठरलेल्या नमुन्यात, बंद लिफाफ्यात.

“अन् आवक नंबर?” कुमुदताई म्हणाल्या. “प्रत्येक कागदावर नंबर टाकतो आम्ही.”

“ते सरकारी काम झालं,” सर म्हणाले. “मले विज्ञान शिकवाचं आहे.”

दुसऱ्या दिवशी ते वर्गात खपटाच्या सहा खिडक्या आणि लिफाफ्यांचा गठ्ठा घेऊन गेले. प्रत्येक खिडकीमागे एक विद्यार्थी, म्हणजे एक सेवा. विशालची हवामान सेवा: ‘आज हवा कशी?’ असा लिफाफा आला की त्याने बाहेर बघून ‘ऊन’ लिहून पाठवायचं. स्नेहलची बेरीज सेवा. अर्जुनची गाडी सेवा, कारण त्याचे काका स्टेशनवर ऑटो चालवायचे. राधिकाकडे सगळ्यांची यादी, आणि शिवाय अवघड काम: एक मोठा लिफाफा आला की त्याचे छोटे लिफाफे करून बाकीच्यांकडून काम करवून घ्यायचं. नियम एकच. बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही. लिफाफ्यात लिहिलंय तेवढं करायचं आणि उत्तर पाठवायचं.

आणि काय सांगावं! साठच्या साठ मुलं तासभर गप्प बसली. लिफाफे सरसर फिरले. विशालने अकरा वेळा ‘ऊन’ लिहिलं. शेवटी सरांनी कॅन्टीनवाल्या भैय्यालालला लिफाफा धाडला आणि खरोखरचा चहा आला, तेव्हा मुलांनी बाकं वाजवली.

“अब समझे?” सरांनी विचारलं.

“हव सर!” वर्ग गरजला. आठ वर्षांत हा वर्ग सरांसाठी कधी गरजला नव्हता. सरांवर गरजला होता, ते वेगळं.

गरजणं ऐकून प्राचार्य आले आणि इथे गोष्ट सरांच्या हातून निसटली. प्राचार्यांना शिकवण्यात रस नव्हता, पण संलग्नता चालू ठेवायची की नाही हे ठरवणारं विद्यापीठाचं तीन सदस्यांचं निरीक्षण दल महिन्याने येणार होतं आणि त्याला दाखवायला कॉलेजात काही नव्हतं. त्यांनी लिफाफा उलटसुलट करून पाहिला.

“मुलमुले जी, पूरे कॉलेज में लगा दीजिए. टीम देखेगी तो देखती रह जाएगी. और फिर आपका परमानेंट का मामला भी...”

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. अशी वाक्यं कुठे सोडायची, हे त्यांना बरोबर कळायचं. सर घरी गेले ते कायम झाल्याच्या चालीने.

सोमवारपासून सगळं कॉलेज सेवाभिमुख झालं. ग्रंथालय सेवा, खडू सेवा, रजा सेवा. आणि दयाराम.

दयाराम हा कार्यालयातला कारकून. वीस वर्षं लोक त्याच्या टेबलावर कोपरं टेकून ‘अरे दयाराम, जरा बघ ना’ म्हणत आले होते. त्याला आता हातभर रुंद खिडकी मिळाली. असं शस्त्र हाती येईल अशी त्याने देवाजवळ प्रार्थना केली असणार, कारण पहिल्याच दिवशी त्याने सतरा लिफाफे परत केले. एकावर तारीख नव्हती. एकावर होती, पण हिरव्या शाईत. गणिताच्या ठाकूर सरांचा रजेचा लिफाफा ‘कारण’ या रकान्यात दोन कारणं लिहिली म्हणून आला तसाच गेला.

स्टाफच्या बाथरूमची किल्लीही दयारामकडेच असायची. बुधवारी दुपारी मुळमुळे सरांनी निकडीचा लिफाफा धाडला. तो परत आला. ‘मुळमुळे नाम की कोई प्रविष्टि सूची में नहीं.’

सर खिडकीशी धावले. “दयाराम, मैं हूँ! मैंने ही तो ये सब शुरू किया!”

आतून आवाज नाही. नियमाप्रमाणे खिडकीशी बोलायचं नव्हतं, आणि नियम सरांचाच होता. यादीत पाहिलं, तर तिथे ‘मुलमुले’. माणसाच्या स्वाभिमानालाही एक मर्यादा असते, आणि ती दुपारच्या दोन पेले ताकानंतर फार लवकर येते. सरांनी नवा लिफाफा घेतला आणि आपल्या हाताने, आपल्या पेनाने, बाप-आज्यांची मनोमन क्षमा मागून, ‘मुलमुले’ असं लिहिलं. किल्ली तत्काळ मिळाली.

निरीक्षणाच्या आदल्या दिवशी सर पुस्तकाच्या दोनशे चौदाव्या पानावर पोहोचले. तिथे लिहिलं होतं, की उत्तर ठरल्या वेळेत आलं नाही, तर निरोप हरवला असं समजून तो पुन्हा पाठवावा. सरांना हे फार आवडलं. त्यांनी लगेच नियम केला: पाच मिनिटांत उत्तर नाही, तर तोच लिफाफा पुन्हा. जास्तीत जास्त तीनदा. दोनशे पंधरावं पान त्यांनी निरीक्षणानंतर वाचायचं ठरवलं.

स्वागताची योजना देखणी होती. प्राचार्यांनी राधिकाला एकच लिफाफा धाडायचा: ‘निरीक्षण दल, तीन सदस्य, स्वागत करावे.’ राधिकाने तीन छोटे लिफाफे काढायचे. गाडी सेवेला: स्टेशनवरून तीन सदस्य आणावेत. हार सेवेला: तीन हार. भैय्यालालला: आलूगुंड्याच्या तीन प्लेट. आलूगुंडा म्हणजे आपला बटाटेवडाच, पण भैय्यालालच्या हातचा खाल्ला की नागपूरकडचा माणूसही हे कबूल करायला थोडा वेळ घेतो.

स्टेशनवर उभं राहायला श्यामराव स्वतःहून पुढे आले. “चौतीस वर्षं गाड्या सोडल्या, वासुदेवराव. तीन माणसं काय चीज आहे?” मुलाने घेऊन दिलेला मोबाइल त्यांच्याजवळ होता. अर्जुनने लिफाफा उघडून फोनवर वाचायचा आणि श्यामरावांनी ऑटो सोडायचा, असं ठरलं.

“पण काका,” सरांनी बजावलं, “प्रश्न नाही विचाराचा. सांगितलं तेवढंच.”

“गार्डाले शिकवता काय?” श्यामराव म्हणाले आणि त्यांनी कपाटातून हिरवा झेंडा काढला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला प्राचार्यांनी लिफाफा धाडला. राधिकाने तीन काढले. अर्जुनने फोन लावला. भैय्यालालचं तेल अजून तापायचं होतं, हारवाली यायची होती आणि ऑटोला स्टेशनवरून यायला वीस मिनिटं लागतात. त्यामुळे पाच मिनिटांत कुणाचंच उत्तर आलं नाही. नियमाप्रमाणे राधिकाने तिन्ही लिफाफे पुन्हा धाडले. मग पुन्हा. तिकडे राधिकाकडून उत्तर नाही म्हणून प्राचार्यांनी आपला लिफाफा दुसऱ्यांदा धाडला, आणि मग तिसऱ्यांदा. राधिकाने त्या प्रत्येकाचे पुन्हा तीन-तीनदा लिफाफे काढले. तीन त्रिक नऊ. कुणीही नियम मोडला नाही. म्हणून तर सगळं हुकलं.

स्टेशनवर पहिला फोन आला तेव्हा श्यामरावांनी गाडीतून उतरणाऱ्यांत तीन भारदस्त माणसं शोधली. सापडली नाहीत. तेवढ्यात दुसरा फोन: तीन सदस्य पाठवा. मग तिसरा. हुकूम वाढत चालले आणि फलाट रिकामा होत चालला. चौतीस वर्षांत एकही गाडी न अडवलेल्या गार्डाला घाम फुटला. मग त्यांनी दाराशी उभं राहून सरळ पुकारा केला, “शंकर नगर! शंकर नगरवाले कोण? पैसे नाही लागत!” आणि तीन-तीन माणसं मोजून, ऑटोत बसवून, शिट्टी मारून झेंडा दाखवला.

सव्वाअकरापासून कॉलेजच्या फाटकात ऑटो येऊ लागले. पहिल्यातून विम्याचे दोन एजंट आणि त्यांच्या तावडीतलं एक गिऱ्हाईक उतरलं. दुसऱ्यातून डोंगरगडच्या देवीचं दर्शन करून आलेलं एक कुटुंब. तिसऱ्यातून बँडवाले, ढोलासकट. चौथ्यातून गोंदियाच्या कांताबाई, त्यांचे भाऊ आणि भावजय. असे नऊ.

मुळमुळे सर घाईघाईने डोकी मोजू लागले. पाहतात तर सत्तावीस माणसं, सत्तावीस हार आणि भैय्यालालच्या परातीत सत्तावीस प्लेट. आकडे इतके चोख जुळले होते, की चूक म्हणायची कशाला?

“सर, तीन आने वाले थे,” ते प्राचार्यांच्या कानाशी म्हणाले.

“नया राज्य है, मुलमुले जी. नई पद्धति होगी,” प्राचार्य पुटपुटले. ढोलवाल्याकडे त्यांनी आदराने पाहिलं. “और वेश बदलकर आए हैं. गुप्त निरीक्षण.”

हार घातले गेले. स्वागतगीत झालं. विम्याच्या एजंटांनी दुसऱ्या प्लेटबरोबर प्राचार्यांना पॉलिसी समजावून सांगितली आणि प्राचार्यांनी ती विद्यापीठाची नवी योजना समजून वहीत लिहून घेतली.

कांताबाई मात्र खायला बसल्या नाहीत. साठीच्या, ठेंगण्या, नऊवारीतल्या. हार गळ्यातच ठेवून त्यांनी इमारत पाहायला सुरुवात केली. भिंतीवर टिचकी मारली. नळ सोडून पाहिले. प्रयोगशाळेच्या दारात थांबल्या. “एका खोलीत अठरा टीव्ही! काहून?”

प्राचार्य पॅड-पेन घेऊन मागे धावत होते. “अध्यक्ष मैडम यही हैं,” ते सरांना म्हणाले. “देखिए, कैसी बारीक नजर है!”

मुलींच्या बाथरूमपाशी कांताबाई थबकल्या. दाराला कुलूप होतं. आत दोन वर्षांपासून मोडक्या खुर्च्या भरल्या होत्या, आणि मुलींना चार घरं पलीकडे एका ओळखीच्या काकूंकडे जावं लागायचं. राधिकाने याबद्दल चार अर्ज दिले होते.

“बायामाणसाईच्या जागेले कुलूप?” कांताबाईंचा आवाज चढला. “आमाले नाही पसंत!”

“क्या कह रही हैं?” प्राचार्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं. प्राचार्य पांढरे पडले. “खुलवाइए! अभी! पानी लगवाइए, सब लगवाइए! मुलमुले जी, चाबी!”

ठाकूर सर खुर्च्या काढायला माणसं जमवू लागले आणि मुळमुळे सर किल्लीसाठी धावले. दयारामच्या खिडकीपुढे तीन गृहस्थ उभे होते. खरं तर दोन उभे होते. तिसरे, पांढऱ्या केसांचे, सरांच्याच स्कूटरवर बसून मांडीवर लिफाफा भरत होते. फाटकाबाहेर विद्यापीठाची पाटी लावलेली जीप होती; हे रेल्वेने आलेच नव्हते.

“आप लोग...?” सरांनी जीपकडे बघत विचारलं.

“चालीस मिनट से यही बता रहे हैं,” पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी परत आलेले लिफाफे दाखवले. पहिल्यावर शेरा होता: ‘प्रेषक का पदनाम अधूरा.’ दुसऱ्यावर: ‘उद्देश्य एक पंक्ति में लिखें.’ तिसऱ्यावर, दयारामच्या सुवाच्य अक्षरात: ‘निरीक्षण दल अंदर है. सत्ताईस सदस्य. आपकी आवश्यकता नहीं.’

सरांच्या डोळ्यांपुढे पुढचा जून आला, त्याच्या पुढचा आला, सगळे जून ओळीने उभे राहिले. पळून जावं असंही एकदा वाटलं. पण स्कूटरवर अध्यक्ष बसले होते.

त्यांनी ‘मुलमुले’ लिहून किल्ली घेतली, ती ठाकूर सरांकडे दिली आणि तिघांना आत नेलं. सभागृहात बँडवाल्यांनी आभार म्हणून वाजवायला सुरुवात केली होती.

“ये कौन हैं?” अध्यक्षांनी विचारलं.

“निरीक्षण दल,” प्राचार्य म्हणाले.

“और हम?”

प्राचार्य वही चाळू लागले. त्याच वेळी शेवटच्या ऑटोमागून स्वतःच्या खर्चाने आलेले श्यामराव दारात उभे राहिले, शिट्टी गळ्यात, झेंडा काखेत. “पोचले न सत्तावीसच्या सत्तावीस, वासुदेवराव? एकही मागं नाही सोडला!”

कांताबाई पुढे झाल्या. त्यांना आता निकाल द्यायचा होता. “हे पाहा, आमी गोंद्याहून भाचीसाठी पोरगा पाहाले आलो. घर मोठं आहे, मानसन्मान केला, पण माणसं लय अन् सोय नाही. अन् पोरगा हाच असन,” त्यांनी मुळमुळे सरांकडे बोट दाखवलं, “तं वय लपवलं तुमी.”

सर चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी पोट आत घेतलं, पण उपयोग झाला नाही.

कांताबाईंना न्यायला मुलाकडचे शंकर नगराहून ऑटो पाठवणार होते, हे मग हळूहळू उलगडलं. अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ये सब हुआ कैसे?”

सर सांगायला पुढे झाले. ‘सेवाभिमुख’ एवढं म्हणून ते अडकले. तेव्हा राधिका पुढे आली. तिने टेबलावरच्या प्लेट बाजूला सारल्या आणि गाडी सेवेचे नऊ लिफाफे ओळीने मांडले.

“सर, सब में एक ही बात लिखी है. अर्जुन को कैसे पता चलेगा, कि नौ अलग काम हैं या एक ही काम नौ बार? हर लिफाफे पर नंबर होना था. दोबारा भेजो, तो वही नंबर. नंबर पुराना है, तो काम दोबारा नहीं करना, बस पुराना जवाब भेज देना.” ती थांबली. “ये सर ने नहीं बताया था. आलूगुंडा गिनते-गिनते समझ में आया.”

 ढोलवालाही विचारात पडला. मुळमुळे सरांना मंत्रालयातला आवक नंबर आठवला आणि घरी काय ऐकावं लागेल तेही.

अध्यक्षांनी लिफाफे एकेक करून उलटून पाहिले. मग त्यांनी एक हार बाजूला करून खुर्ची घेतली. “पाँचवाँ यूनिट मैंने ही डलवाया था,” ते म्हणाले. “इकतालीस कॉलेज घूम चुका. सब कहते हैं, समय नहीं मिला. इस प्रदेश में वेब सर्विस मैंने आज पहली बार देखी, और चालीस मिनट बाहर खड़े होकर देखी.”

ते हसले. आधी सोबतचे दोघे हसले की आधी प्राचार्य, यावर कॉलेजात अजून मतभेद आहेत. पण मग सत्तावीस जण हसले, आणि अध्यक्षांनी शिल्लक राहिलेला आलूगुंडा मागितला. तो भैय्यालालने कुठलाही लिफाफा न मागता आणून दिला.

अहवालात संलग्नता तीन वर्षांनी वाढवली गेली. मुलींचं बाथरूम तपासणीच्या वेळी उघडं आणि पाणी चालू असल्याची नोंद झाली. खरं पाहता ते त्याआधी वीसच मिनिटं उघडलं होतं, पण पुन्हा बंद करायची हिंमत कुणाला झाली नाही. आणि शेवटी एक अट: पाचवं युनिट शिकवणं जोखमीचं असल्याने, ते सुरू करणारा आणि वेळ पडल्यास बंद करू शकणारा माणूस कॉलेजात कायम असावा. मुळमुळे सरांना दिवाळीच्या आधी आदेश मिळाला. त्या रात्री कुमुदताईंनी फक्त एवढंच विचारलं, “आदेशावर नंबर आहे न?”

पण निरीक्षणाच्या दिवसाचं काम अजून उरलं होतं. कांताबाईंना खऱ्या घरी पोहोचवायचं होतं, आणि चूक आपली म्हणून सर स्वतः गेले. घर चार गल्ल्या पलीकडे निघालं. मुलाकडचे लोक सकाळपासून स्टेशनला फेऱ्या मारून थकले होते, पोहे दोनदा गरम झाले होते. मुलाच्या वडिलांनी हारातल्या तिघांकडे आश्चर्याने पाहिलं आणि सरांबद्दल विचारलं, “हे कोण?”

इतकी मोठी गोष्ट उंबऱ्यात उभं राहून कोण सांगणार? “पोरीचे मामा,” कांताबाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

मामांना बसावं लागलं. मुलगा समोर आला. निरंजन नाव, सडपातळ, सुट्टीवर आलेला. कांताबाईंनी सरांना कोपराने ढोसलं. “इचारा न काहीतरी. आमाले यातलं नाही समजत.”

“काय करता आपण?” सरांनी विचारलं.

“हैदराबादेत आहे, सॉफ्टवेअरमध्ये,” निरंजन नम्रपणे म्हणाला. “वेब सर्विसेसचं काम.”

मुळमुळे सर खुर्चीत पुढे सरकले. तीन महिने ज्या माणसाचा शोध चालला होता, तो स्वच्छ भांग पाडून, हाताची घडी घालून, उठून जाण्याची परवानगी नसलेल्या अवस्थेत त्यांच्यासमोर बसला होता.

त्यांनी दोनशे चौदाव्या पानापासून सुरुवात केली. उत्तरच वाटेत हरवलं तर? सेवा मेली, तर यादीतून तिचं नाव कोण काढणार? नमुना मध्येच बदलला, तर जुन्या लिफाफ्यांनी कुठे जायचं? निरंजनने पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं हसतमुखाने दिली. आठव्याला त्याने पाणी मागितलं. सरांनी टिपॉयवरच्या वर्तमानपत्राच्या कडांवर सगळं टिपून घेतलं आणि कडा भरल्यावर लग्नाच्या याद्यांसाठी ठेवलेला कोरा कागद घेतला. पाऊणच्या सुमाराला सुरू झालेली चौकशी पावणेतीनला संपली. मुलाची आई दोनदा दारातून डोकावून डोळे पुसून गेली.

“मास्तर,” बाहेर पडताना कांताबाई भारावून म्हणाल्या, “आमच्या सख्ख्या भावानं नसतं एवढं इचारलं. पोट्टा खरा आहे. एका शब्दाले चुकला नाही.”

आठ दिवसांनी मुलाकडून गोंदियाला होकार गेला. हुंडा नको, मानपान नको, तारीख मुलीकडल्यांच्या सोयीने. एकच विनंती होती, आणि ती मुलाने फोनवर स्वतः, अगदी अजिजीने केली होती: पंगतीत मामासाहेबांचं पान त्याच्या शेजारी मांडू नये.